एबीएसचा दिवा विझतो आणि पुन्हा लागतो: दोष कसा शोधायचा, आणि तोवर गाडी कशी चालवायची

२०२२ च्या पावसाळ्यात माझ्या मोटरसायकलच्या मीटरवरचा एबीएसचा (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा चार महिने माझ्याशी लपाछपी खेळला. लागायचा. किल्ली बंद करून पुन्हा चालू केली की थोडं अंतर गेल्यावर विझायचा. दोन दिवस गप्प राहायचा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा हजर. मी वाईत राहतो, नोकरी शिरवळच्या एमआयडीसीत. सकाळी जाताना खंबाटकीचा बोगदा, संध्याकाळी येताना घाट. ब्रेकच्या दिव्याकडे 'बघू नंतर' म्हणावं असा हा रस्ता नाही.

सर्व्हिस सेंटरला तीन फेऱ्या झाल्या. तिन्ही वेळा स्कॅनर (गाडीने नोंदवलेला दोषाचा कोड वाचणारं यंत्र) लावून एकच उत्तर, "कोड क्लिअर केलाय, आता बघा चालवून." चौथ्या फेरीला काउंटरवरच्या पोराने मान हलवली. "साहेब, युनिटच गेलंय वाटतं. बदलावं लागेल." युनिट म्हणजे एबीएसचा पंप, व्हॉल्व्ह आणि कंट्रोल असलेला डबा. आकडा तीस हजारांच्या घरातला. हे 'वाटतं' फार महाग पडणारं होतं, म्हणून मी गाडी तशीच घरी आणली. पुढे दोष निघाला तो पुढच्या सेन्सरच्या वायरीत, आणि तोही एक प्लास्टिकची क्लिप हरवल्यामुळे.

हा दिवा ज्यांना वारंवार त्रास देतोय त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं म्हणणं एवढंच आहे की कोड पुसायच्या आधी दिवा नेमका कधी लागतो ते टिपा. स्कॅनर 'पुढच्या चाकाचा सेन्सर' एवढं सांगतो. सेन्सर, वायर, कपलर (वायरींचा जोड), चाकावरची रिंग की बेअरिंग, हे तो सांगत नाही. ते कळतं दिवा लागण्याच्या वेळेवरून.

दिवा काय सांगतोय

किल्ली फिरवली की हा दिवा लागलाच पाहिजे. गाडी हलली आणि वेग साधारण पाच-दहाच्या वर गेला की तो विझतो, कारण तेवढ्यात कंट्रोल युनिटने दोन्ही चाकांचे सेन्सर तपासलेले असतात. जागेवर उभ्या गाडीत दिवा विझत नाही म्हणून गॅरेजला धावलेले लोक मी पाहिलेत. तो दोष नव्हे. उलट किल्ली फिरवल्यावर दिवा लागतच नसेल तर मात्र संशय घ्या. सेकंडहँड गाडी बघायला गेलात तर पहिल्यांदा हेच बघा. दिव्याचं कनेक्शन काढून विकलेली गाडी बाजारात सापडते.

चालत्या गाडीत दिवा लागला, किंवा सुरुवातीला लागलेला विझलाच नाही, तर एबीएस बंद आहे असं समजा. ब्रेक बंद नाहीत. लिव्हर दाबल्यावर तेल एबीएसच्या युनिटमधून कॅलिपरकडे (डिस्कवर ब्रेकपॅड दाबणाऱ्या भागाकडे) जातं, आणि वाटेतला आत येणारा व्हॉल्व्ह वीज नसताना उघडाच असतो. म्हणून युनिट झोपलं तरी डिस्क ब्रेक साध्या गाडीसारखा लागतो. फरक एवढाच की जोरात दाबला तर चाक लॉक होईल आणि ते सोडवायला कोणी येणार नाही.

आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या नव्या मॉडेलना एबीएस १ एप्रिल २०१८ पासून सक्तीचं झालं आणि आधीपासून विक्रीत असलेल्या मॉडेलना १ एप्रिल २०१९ पासून. म्हणजे सक्तीच्या पहिल्या वर्षांत घेतलेल्या गाड्यांनी आता बरेच पावसाळे खाल्लेत. कपलर हिरवे पडायचं हेच वय.

आणि हो, आपली गाडी सिंगल चॅनल की ड्युअल, हे आधी माहीत करून घ्या. सिंगल चॅनलमध्ये एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतं. मागचं चाक घसरलं म्हणून 'एबीएस खराब आहे' अशी तक्रार घेऊन जाणाऱ्यांच्या गाडीला मागे एबीएस नसतंच.

आत काय चाललेलं असतं

चाकाला डिस्कच्या आत एक पातळ धातूची खाचांची चकती असते. तिला टोन रिंग म्हणतात. तिच्यासमोर साधारण एक मिलिमीटरच्या अंतरावर सेन्सरचं टोक. खाच गेली की एक ठोका. असे ठोके मोजून युनिटला चाकाचा वेग कळतो.

रिंगला ४८ खाचा आहेत असं धरा. १७ इंची चाकाचा परीघ पावणेदोन-दोन मीटर. म्हणजे गाडी चार सेंटिमीटर पुढे गेली की एक ठोका. चाळीसच्या वेगाला चाक सेकंदाला सहा वेळा फिरतं, म्हणजे सेकंदाला पावणेतीनशेच्या वर ठोके. आता या रिंगचा एकच दात वाकलेला असला तर दर फेऱ्याला तिथे ठोका चुकणार, सेकंदाला सहा वेळा. युनिटच्या दृष्टीने चाक क्षणभर थांबलं आणि लगेच पुन्हा धावायला लागलं. असं चाक जगात नसतं. मग ते दिवा लावतं आणि हात वर करतं.

हा हिशेब डोक्यात असला की दोष शोधायला दिशा मिळते.

टिपणवही

माझी टिपणवही म्हणजे पेट्रोलच्या पावत्यांची मागची बाजू. दिवा लागला की पुढच्या थांब्यावर चार गोष्टी लिहायच्या: वेग किती होता, रस्ता कसा होता, पाऊस होता की कोरडं, आणि हात काय करत होते, म्हणजे ब्रेक दाबला होता, हँडल वळलं होतं की नुसतं सरळ चाललो होतो. पाचव्यांदा लिहीपर्यंत चित्र दिसायला लागतं. कोणत्या चित्राचा अर्थ काय, ते माझ्या आणि ओळखीच्यांच्या गाड्यांवरून सांगतो.

टायर बदलल्यावर किंवा पंक्चर काढल्यावर दुसऱ्याच दिवशी दिवा लागला, तर आधी रिंग बघा. पंक्चरवाला चाक काढतो, डिस्कची बाजू खाली करून जमिनीवर आपटतो आणि टॉमी (टायर सोडवायची सळई) घालतो. रिंगचा पत्रा वाकायला तेवढं पुरतं. चाक अधांतरी करून हळूहळू फिरवा आणि सेन्सरच्या टोकाशी डोळा लावा. फट सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. एका जागी रिंग आत-बाहेर झाली तर तेच. वाकलेला दात पक्कडीने सरळ करायच्या भानगडीत पडू नका, रिंग बदला. हल्ली चाक काढताना मी शेजारी उभा राहतो आणि खाली रिकामं पोतं टाकायला लावतो. पंक्चरवाला हसतो. हसू दे.

ठरावीक वेगाच्या वर गेलं की लागतो आणि स्पीडोमीटरचा काटा नाचतो, तर सेन्सरची फट वाढलीय किंवा बेअरिंग ढिलं झालंय. चाक धरून डावी-उजवीकडे हलवा. खडखड जाणवली तर बेअरिंगचा खर्च आधी करा, तो एबीएससाठी नाही तर एरवीही करायचाच आहे.

स्पीडोमीटर शून्यावर आणि त्याच क्षणी दिवा, हे तर उघड पत्र. बऱ्याच गाड्यांत मीटरला वेग याच सेन्सरमधून मिळतो. दोन्ही एकत्र गेले तर आधी त्या चाकाचा सेन्सर किंवा त्याची वायर बघा.

वॉशिंग सेंटरवरून आल्यावर, किंवा मोठ्या पावसानंतर सकाळी लागतो आणि दुपारी उन्हात गाडी उभी राहिली की जातो, तर कपलरमध्ये पाणी. कपलर उघडून बघा. पिना हिरव्या किंवा पांढरट दिसतील. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या आणि मग डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून बंद करा. शिवणयंत्राचं तेल नको. आणि कुठलाही स्प्रे डिस्कच्या जवळ मारायचा नाही. डिस्कवर एक थेंब तेलकट गेला तर एबीएस दुरुस्त आणि ब्रेक नादुरुस्त अशी गत व्हायची.

सेल्फ मारताना किंवा सकाळच्या पहिल्या स्टार्टला लागतो, तर बॅटरी. मल्टीमीटर लावा. गाडी रात्रभर उभी असताना १२.५-१२.६ व्होल्टच्या आसपास हवं, इंजिन चालू असताना १३.५ ते १४.५. त्याखाली असेल तर युनिट उपाशी आहे. जोडीला बॅटरीची टर्मिनल आणि अर्थिंगचा बोल्टही घट्ट करा. जास्तीचा हॉर्न, फॉग लाइट असा सगळा लवाजमा एकाच वायरीवर जोडला असेल तर आधी तो काढून बघा. मोबाइलचा चार्जरसुद्धा.

डबल स्टँडवर गाडी चढवून चेनला तेल लावताना इंजिन चालू करून गियर टाकला आणि दिवा लागला, तर घाबरू नका. मागचं चाक पळतंय आणि पुढचं जागेवर, हे युनिटला पटत नाही. किल्ली बंद-चालू करून थोडी चालवा, विझेल. (चालू इंजिनवर चेनला फडकं लावणं बंद करा, हे जाता जाता. बोटं तुटतात.)

काही गाड्यांत मागचं एबीएस बटणाने बंद करता येतं. कच्च्या रस्त्यावर उपयोगी असतं ते. चिरंजीवांनी बटण दाबून ठेवलेलं असतं आणि वडील गॅरेजमध्ये. असं एकदा आमच्याच कॉलनीत झालंय.

फ्यूज तपासायला विसरू नका. एबीएसला बहुधा दोन फ्यूज असतात, एक पंपाच्या मोटरला आणि एक व्हॉल्व्ह व कंट्रोलला. किती अँपियरचे ते झाकणाच्या आतल्या चिठ्ठीवर छापलेलं असतं. गेलेल्या फ्यूजच्या जागी मोठ्या आकड्याचा घालायचा नाही. आणि बदललेला पुन्हा उडाला तर फ्यूजचा पिच्छा सोडा, वायर कुठेतरी बॉडीला घासतेय.

सेन्सरचं टोक मात्र कुणीही घरी साफ करू शकतो. त्यात चुंबक असेल तर ब्रेकपॅडचा आणि रस्त्याचा लोखंडी भुगा त्याला मिशीसारखा चिकटतो. एक बोल्ट काढायचा, सेन्सर अलगद बाहेर घ्यायचा, कोरड्या फडक्याने पुसायचा, परत बसवायचा. बोल्ट बेताने आवळा, सेन्सरचा कान प्लास्टिकचा असतो. आपल्याकडे ऊस तोडणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांतली काळी माती हमरस्त्यावर येते आणि ती या फटीत जाऊन सिमेंटसारखी बसते. डिसेंबर-जानेवारीत एकदा तरी पुसाच.

माझ्या गाडीचं काय झालं

माझ्या पावत्यांवर सुरुवातीला सगळीकडे 'पाऊस' लिहिलेलं होतं. साहजिक आहे, जुलै होता. म्हणून मी कपलर उघडले, पुसले, ग्रीस लावलं. चार दिवस बरं वाटलं. पाचव्या दिवशी पुन्हा.

सप्टेंबरच्या शेवटी कोरडे दिवस आले आणि दिवा तरीही लागला. तेव्हा पावत्या पुन्हा काढून ओळीने मांडल्या. सातपैकी पाच वेळा जागा एकच, बोगदा संपल्यावरच्या उतारावरचं ते एस वळण. उरलेल्या दोनांपैकी एक आमच्या कंपनीच्या गेटचा गतिरोधक, दुसरा सुरूरजवळचा खड्डा. बोगद्यातला दमटपणा, वळणात कललेली गाडी, असे बरेच तर्क मी लढवले होते. खरं कारण साधं होतं. तिन्ही ठिकाणी मी ब्रेक दाबलेला होता आणि त्याच वेळी पुढचं चाक आपटत होतं, कुठे रम्बलरवर (रस्त्यावरच्या उंचवट्यांच्या पट्ट्यांवर), कुठे गतिरोधकावर, कुठे खड्ड्यात. म्हणजे पुढचा शॉकअप पूर्ण दबत होता.

शॉकअप दबला की काय हलतं? ब्रेकचा होज, म्हणजे तेलाची नळी, आणि त्याच्या सोबतीने खाली उतरणारी सेन्सरची वायर.

रविवारी आमच्या इथल्या वायरिंगवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी आयुष्य ट्रकच्या वायरिंगमध्ये घालवलंय, पण पोराने त्यांना एक स्कॅनर घेऊन दिलाय. त्यांनी सीटखालच्या सॉकेटला तो जोडला आणि दोन्ही चाकांचे वेग वेगवेगळे दाखवणारं पान उघडलं. पुढचं चाक जॅकवर उचललं. पोराने चाक हाताने फिरवत ठेवलं. स्क्रीनवर ४, ५, ४.

"आता वायर हातात घ्या," काका मला म्हणाले. "वरून खाली या. घाई नको."

मी मडगार्डच्या वरून सुरुवात केली. रबराचं आवरण सगळीकडे सारखं, ताठ. मडगार्डच्या कमानीपाशी आलो आणि बोटांखाली बोटभर तुकडा मऊ लागला. आवरण अख्खं होतं, चीर नाही, ओरखडा नाही. पण तो तुकडा सुताच्या दोऱ्यासारखा वाकत होता. किंचित दुमडला.

"शून्य," पोरगा म्हणाला.

सरळ केला. ५. दुमडला. शून्य.

आतली तांब्याची तार तुटली होती आणि तुटलेली टोकं आवरणाच्या आत एकमेकांना टेकून होती. सपाट रस्त्यावर टेकलेली, शॉकअप दबला की सुटलेली. काकांनी शेजारचा ब्रेकचा होज दाखवला, तो मडगार्डला एका काळ्या क्लिपेत बसवलेला होता. सेन्सरच्या वायरीच्या बाजूला तशाच क्लिपेची जागा होती, भोक होतं, क्लिप नव्हती. मे महिन्यात मडगार्ड रंगवून घेतलं होतं. तिथेच ती राहिली असणार. क्लिप नसल्यामुळे वायर हजारो वेळा एकाच जागी वाकली आणि आतून तुटली.

मी म्हटलं, जोड मारा. काका नको म्हणाले. "हलणाऱ्या जागी डाग दिला तर डागाच्या शेजारी तुटंल. पैसे वाचवायचे तर दुसरीकडं वाचवा." बऱ्याच गाड्यांत सेन्सर आणि वायर एकसंध येते, तशीच माझी होती. अख्खा सेन्सर मागवला, अडीच हजारांच्या आत आला. क्लिपेचे पैसे वेगळे, किरकोळ. सेन्सरपेक्षा क्लिप यायला जास्त दिवस लागले.

तुमच्याकडे स्कॅनर नसेल तरी ही वायर हाताने चाचपता येते. ओहममीटर मात्र सेन्सरला सरसकट लावू नका. हल्लीच्या बहुतेक सेन्सरांमध्ये आत इलेक्ट्रॉनिक्स असतं, त्याचा रेझिस्टन्स मोजून काही कळत नाही आणि झाला तर बिघाडच होतो.

दिवा न लागता होणारा दोष

यावर थोडा वेळ थांबतो, कारण लोक दिव्याला घाबरतात आणि खरं घाबरायचं इथे आहे.

दिवा लागला म्हणजे युनिटला दोष कळला आणि ते बाजूला झालं. ब्रेक साधा झाला. पण कधी कधी ठोका इतका थोडा चुकतो की युनिटला तो दोष वाटत नाही, चाक लॉक होतंय असं वाटतं. मग ते आपलं काम इमानदारीने करतं. ब्रेक सोडतं. तुम्ही सिग्नलला हळूहळू थांबताय, रस्ता कोरडा, वेग पंधरा, लिव्हर बोटाखाली टकटक करते आणि गाडी शेवटचे दोन मीटर थांबायच्या ऐवजी पुढे सरकते. पुढच्या रिक्षाला टेकल्यावर कळतं.

खडी, ओला पांढरा पट्टा, खड्ड्याची कड अशा ठिकाणी लिव्हर टकटकली तर ते बरोबर आहे, एबीएस त्यासाठीच आहे. कोरड्या सपाट डांबरावर, हलक्या ब्रेकला, कमी वेगात टकटकली तर ते चूक आहे. मोकळ्या मैदानावर वीसच्या वेगाने चार-पाच वेळा हलका ब्रेक मारून बघा. प्रत्येक वेळी शेवटी टकटक येत असेल तर रिंग किंवा फट, बहुतेक याच दोन गोष्टी.

अशी गाडी रस्त्यावर चालवू नका. टेम्पोत घाला. टेम्पो मिळतच नसेल आणि गॅरेज जवळ असेल, तर मॅन्युअल बघून फक्त एबीएसचाच फ्यूज काढला की दिवा कायम लागतो आणि ब्रेक साधा होतो. खोटं सुटणाऱ्या ब्रेकपेक्षा साधा ब्रेक बरा. पण ही सोय गॅरेजपर्यंतची. काही जण फ्यूज काढून वर्षभर फिरतात आणि मीटरवर काळी चिकटपट्टी लावतात. त्यांच्याशी वाद घालायची माझी ताकद संपली आहे.

आणखी एक. लिव्हर मऊ लागत असेल, हँडलपर्यंत येत असेल, किंवा कॅलिपरपाशी तेलाचा ओलावा दिसत असेल, तर दिवा असो नसो, गाडी जागेवरून हलवायची नाही. तो विजेचा दोष नाही, तेलाचा आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. ताजं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी प्यायलेलं १५५ च्या आसपास उकळू शकतं. पसरणीचा घाट पाचगणीहून ब्रेकवर ब्रेक मारत उतरलात तर हा फरक समजतो. दोन वर्षांनी ऑइल बदलावं. युनिट उघडलं असेल किंवा त्यात हवा शिरली असेल तर नुसतं लिव्हर पंप करून ती निघेलच असं नाही, त्याला स्कॅनरने आतला पंप फिरवावा लागतो.

सुटा भाग येईपर्यंत चालवायची कशी

सेन्सर यायला मला बारा दिवस लागले. पहिले दोन दिवस एसटीने गेलो. नंतर पाऊस नसलेल्या दिवशी गाडी काढली, आणि तेव्हा लक्षात आलं की तीन वर्षांत एबीएसने माझा हात बिघडवून ठेवलाय. मी ब्रेक दाबत नव्हतो, खेचत होतो. एबीएस असताना खेचलं तरी ते सावरून घेतं. नसताना पहिल्याच खेचण्यात पुढचं चाक लॉक, आणि पुढचं चाक लॉक झालं की हँडल आपलं राहत नाही.

पहिल्या संध्याकाळी कंपनीच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास नुसते ब्रेक मारले. पुढच्या लिव्हरवर दोन बोटं. आधी अलगद दाबायचं, इतकंच की शॉकअप खाली बसतो. गाडीचं वजन पुढे आलं की टायर रस्त्यावर दाबला जातो आणि मगच तो जास्त ब्रेक सोसतो. मग जोर वाढवायचा. या दोन पायऱ्यांमध्ये जेमतेम अर्धा सेकंद जातो, पण सगळं त्यातच आहे. वजन पुढे यायच्या आधी जोर आला की चाक लॉक. पुढचं चाक घसरतंय असं वाटलं की लगेच बोटं सैल आणि पुन्हा अलगद. मागचं लॉक झालं, टायर किंचाळला, तर गाडी सरळ ठेवून पाय सैल करायचा. मागच्या ब्रेकला घाबरून तो सोडून देऊ नका, पण मुख्य काम पुढचाच करतो.

अंतर किती ठेवायचं? ६० च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. समोरचा थांबला हे डोळ्यांना दिसून बोटं लिव्हरवर येईपर्यंत तो सेकंद संपलेला असतो. पुढे कोरड्या डांबरावर चांगला ब्रेक लागला तर २० मीटर, ओल्यावर ३५ च्या आसपास. म्हणजे पावसात पन्नास मीटरच्या वर, आणि तेही चाक लॉक न होता. महामार्गावर एवढी जागा सोडली की मध्ये ट्रक घुसतो. घुसू द्यायचा आणि त्याच्या मागे पुन्हा तेवढीच सोडायची. घरी दहा मिनिटं उशीर होतो.

घाटात उताराला गियर खाली ठेवायचा, ब्रेक सरळ पट्ट्यात मारून संपवायचा आणि वळणात गाडी नुसती वाहू द्यायची. कललेल्या गाडीला अचानक ब्रेक मारणं एबीएस असतानाही धोक्याचं, नसताना तर विचारूच नका. ओले पांढरे पट्टे, पुलाच्या जोडावरची लोखंडी पट्टी, टोलनाक्यावर रांगेच्या मधोमध सांडलेलं डिझेल, पहिल्या पावसातलं तेलकट डांबर, या जागा आधीच हेरायच्या आणि त्यांच्यावर लिव्हरला हात लावायचा नाही. मागे कोणाला बसवायचं नाही. बायको म्हणाली, "मग दिवा दुरुस्त होईपर्यंत बाजाराला कोण नेणार?" चालत गेलो.

मुसळधार पाऊस असला की सरळ सुट्टी टाका किंवा एसटी धरा. बारा दिवसांत मी चार दिवस एसटीने गेलो.

सर्व्हिस सेंटरला जाताना

टिपणं सोबत न्या आणि जॉबकार्डावर लिहून घ्या: 'ब्रेक दाबून खड्ड्यात गेल्यावर दिवा लागतो.' नुसतं 'एबीएस लाइट' लिहिलं की नुसता कोड पुसला जातो. कोड पुसायच्या आधी त्याचा फोटो मागा. युनिट बदलायचं म्हणाले तर विचारा की सेन्सरला वीज पोहोचतेय का, रिंगची फट पाहिली का, वायर हलवून चाकाचा वेग स्क्रीनवर पाहिला का. तिन्हींची उत्तरं 'हो' असतील तर युनिट गेलंही असेल, जातंच नाही असं नाही. पण माझ्या पाहण्यातल्या सहा-सात गाड्यांमध्ये खरंच युनिट गेलेली एकच होती, आणि ती पुराच्या पाण्यात दोन दिवस उभी होती.

नवा सेन्सर बसवल्यावर किल्ली फिरवली, वायरिंगवाल्या काकांच्या गल्लीतून गाडी बाहेर काढली, आणि कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत दिवा विझला. दुसऱ्या दिवशी बोगदा संपल्यावर रम्बलर आले तेव्हा मी रस्त्यापेक्षा मीटरकडेच जास्त बघत होतो, ते चूकच. क्लिप तेव्हा आली नव्हती. तोवर वायर सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून होजला बांधली होती. क्लिप आता लावलीय, पट्टीही ठेवलीय.